मुक्काम, पोस्ट आणि खिडकी क्रमांक

मराठी माणूस पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा एक मोलाचा भेद सहज करून जातो. ‘मु. अमुक, पो. तमुक, ता. परतूर, जि. जालना’. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते गाव. पोस्ट म्हणजे त्याची टपाल जिथे येते ते गाव. लहान वाडी-वस्तीच्या बाबतीत ही दोन गावे वेगळी असतात. ज्याने कधी संगणकाला हात लावला नाही, त्या माणसालाही हे ठाऊक असते की राहण्याची जागा आणि पत्र पोहोचण्याची जागा एकच असेल असे नाही.

इंटरनेट उभारणाऱ्यांना हाच भेद कागदावर आणायला काही वर्षे लागली, आणि त्याच्या पुढचा भेद करायला आणखी दहा. तो पुढचा भेद म्हणजे सेवा नोंद. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला ‘एसआरव्ही रेकॉर्ड’ म्हणतात. साहित्याच्या वाचकाला हा विषय रुक्ष वाटेल. पण आज वाचनालये, छोटी प्रकाशने, स्थानिक इतिहासाची मंडळे आपापले डोमेन नाव घेऊन बसली आहेत, पुस्तकांच्या मलपृष्ठावर ते छापत आहेत, आणि त्या नावामागची वही कोणाच्या ताब्यात आहे हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नाही. म्हणून हा खटाटोप. मी संगणकशास्त्र कुठे शिकलेलो नाही. मोडी कागद वाचता वाचता गरजेपोटी या वहीपर्यंत पोहोचलो, आणि मूळ दस्तऐवज वाचायची सवय इथेही कामी आली.

आधी थोडा इतिहास. १९७०च्या दशकात अर्पानेट नावाच्या जाळ्यावर मोजके संगणक होते. प्रत्येकाचे नाव आणि क्रमांक यांची एकच यादी असे. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि ते काम एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली चाले. नवा संगणक जोडला की त्यांच्याकडे कळवायचे; त्या यादीत भर घालत, आणि बाकीचे ती यादी उतरवून घेत. एका गावाला पुरणारा हा कारभार जगाला पुरणार नव्हता. १९८३ मध्ये पॉल मॉकपेट्रिस यांनी यादीऐवजी उतरंड सुचवली. सर्वांत वर मूळ, त्याखाली ‘कॉम’, ‘इन’ यांसारखी क्षेत्रे, त्याखाली संस्थांची नावे. प्रत्येक पातळीवरच्या कचेरीने फक्त आपल्या हाताखालच्यांची नोंद ठेवायची. हीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. १९८७ मध्ये तिचे जे नियम ठरले, त्यांवर आजही जाळे चालते.

ही उतरंड आपल्याला परकी नाही. पाकिटावरचा पत्ता आपण लहानाकडून मोठ्याकडे लिहितो: गाव, तालुका, जिल्हा. टपाल वेगळी करणारा कर्मचारी मात्र तो उलटा वाचतो: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. डोमेन नावही डावीकडून लिहिले जाते आणि उजवीकडून वाचले जाते. ‘उदाहरण.भारत’ या नावाचा शोध घेणारा संगणक आधी मुळाला विचारतो, ‘भारत’ची वही कोणाकडे? मग त्या वहीवाल्याला विचारतो, ‘उदाहरण’ची वही कोणाकडे? नावाच्या अगदी शेवटी एक टिंब असते. ते मुळाचे चिन्ह. आपण ते लिहीत नाही, पण ते तिथे असतेच, आणि पुढे आपल्याला ते त्रासही देणार आहे.

पिन कोड याच्या उलट चालतो. तो मोठ्याकडून लहानाकडे जातो. जालन्याच्या ४३१२०३ मध्ये पहिला ४ हा पश्चिम विभाग दाखवतो, पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालय. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही पद्धत ज्यांनी बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी आणि नाटककार होते. पत्त्याची रचना हे काम भाषेचेही आहे, याचा याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

आता वहीतल्या नोंदी पाहू. डोमेनच्या वहीत अनेक प्रकारच्या ओळी असतात. ‘ए’ नोंद म्हणजे मुक्काम: या नावाचा संगणक अमुक क्रमांकावर आहे. ‘सीनेम’ नोंद म्हणजे पाकिटावरचे ‘द्वारा श्री. अमुक’: हे नाव खरे तर त्या नावाचे दुसरे रूप, तिकडे विचारा. आणि ‘एमएक्स’ नोंद म्हणजे पोस्ट: या नावाची ईमेल अमुक संगणकाकडे द्या. एमएक्स नोंद १९८६ मध्ये आली. तोवर मुक्काम आणि पोस्ट वेगळे लिहायची सोय नीटशी नव्हती. तिच्या नियमांत एक कलम आहे, ते लक्षात ठेवावे: वहीत एमएक्स नोंदच नसेल, तर मुक्काम हाच पोस्ट समजून पत्र तिथे न्यायचे.

पण ईमेल ही एकच सेवा नव्हती. दूरध्वनी, गप्पा, सामायिक दिनदर्शिका, कार्यालयातील प्रवेशपत्रांची तपासणी अशा सेवा वाढत गेल्या. प्रत्येकीसाठी एमएक्ससारखी नवी नोंद काढायची तर वहीला अंत नाही. तेव्हा १९९६ मध्ये एकच सर्वसाधारण नोंद सुचवली गेली आणि फेब्रुवारी २००० मध्ये आरएफसी २७८२ या दस्तऐवजाने तिचे रूप पक्के झाले. तिचे लेखक तिघे: आर्न्ट गुलब्रान्डसेन, पॉल विक्सी आणि लेव्हॉन एसिबॉव. त्याच महिन्यात बाजारात आलेल्या विंडोज २००० ने कार्यालयातले संगणक आपला मुख्य सर्व्हर शोधताना हीच नोंद वापरायला सुरुवात केली. तेव्हापासून असंख्य कचेऱ्यांत आणि बँकांत सकाळी संगणक उघडताना ही ओळ मुकाट्याने वाचली जाते.

सेवा नोंद काय सांगते? तहसील कचेरीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. कचेरीचा पत्ता ठाऊक असून भागत नाही. सातबारा कोणत्या खिडकीवर, दाखला कोणत्या खिडकीवर, आणि ती खिडकी बंद असेल तर काम दुसऱ्या इमारतीत होते का, हे कळावे लागते. संगणकाच्या खिडकीला ‘पोर्ट’ म्हणतात आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. ईमेल वाचण्याची सुरक्षित खिडकी ९९३, सुरक्षित संकेतस्थळाची ४४३, इंटरनेट दूरध्वनीची ५०६०. सेवा नोंद म्हणते: या नावाची अमुक सेवा हवी असेल, तर अमुक संगणकाकडे जा, अमुक खिडकीवर जा, आणि तिथे कोणी नसेल तर पुढची ओळ वाच.

प्रत्यक्षात ही ओळ रोमन लिपीत लिहावी लागते. तिचा सांगाडा देवनागरीत असा:

_आयमॅप्स._टीसीपी.उदाहरण.भारत.   ३६००   एसआरव्ही   १०   ७५   ९९३   टपाल.उदाहरण.भारत.

डावीकडून वाचू. पहिले पद सेवेचे नाव: इथे ईमेल वाचण्याची सुरक्षित सेवा. दुसरे पद वाहतुकीची पद्धत, टीसीपी किंवा यूडीपी. दोन्हींच्या आधी अंडरस्कोर आहे, आणि तो हौसेने दिलेला नाही. संगणकांच्या नावात अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. म्हणून अंडरस्कोर लावले की ते नाव कोणत्याही खऱ्या संगणकाच्या नावाशी टक्कर घेऊ शकत नाही. त्यानंतर आपले डोमेन. मग ३६००, म्हणजे हे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवावे. मग प्रकार. आणि मग चार मुख्य रकाने: प्राधान्य, वजन, खिडकी, ठिकाण.

प्राधान्याचा आकडा जितका लहान तितका मान मोठा. १० ची ओळ असेपर्यंत २० कडे कोणी पाहत नाही. १० वाले सगळे निरुत्तर झाले की मगच २० ची पाळी. वजन हे सारख्याच प्राधान्याच्या ओळींमध्ये काम वाटण्यासाठी असते. मोंढ्यात दोन वजनकाटे आहेत, एक मोठा, एक लहान. आलेल्या गाड्यांपैकी साधारण पाऊण भाग मोठ्याकडे आणि पाव भाग लहानाकडे पाठवायचा, तर ७५ आणि २५ लिहायचे. दर गाडीला चिठ्ठी काढली जाते, पण मोठ्याच्या नावाच्या चिठ्ठ्या तिप्पट असतात. सरकारी कागदावर ‘वजन’ ठेवण्याचा आपल्याकडचा अर्थ इथे लागू नाही. इथले वजन उघडपणे लिहिलेले असते.

ठिकाणाच्या रकान्यात दोन पथ्ये आहेत. तिथे क्रमांक लिहायचा नाही, नाव लिहायचे. आणि ते नाव ‘द्वारा’ प्रकारचे नसावे, त्याचा स्वतःचा मुक्काम वहीत असावा. एक सोय मात्र सुंदर आहे. आपण एखादी सेवा देतच नसू, तर ठिकाणी नुसते टिंब लिहायचे. म्हणजे स्पष्ट सांगायचे, की ही खिडकी आमच्याकडे नाही, उगाच ठोठावू नका.

ईमेलच्या कामी ही नोंद कशी वापरावी, हे मार्च २०११ च्या आरएफसी ६१८६ मध्ये सांगितले आहे. दिनदर्शिका आणि पत्तावहीसाठी २०१३ चा आरएफसी ६७६४ आहे. उद्देश साधा आहे. साठीतल्या एखाद्या सदस्याने मोबाइलवर आपला ईमेल पत्ता आणि परवलीचा शब्द तेवढा लिहावा. सर्व्हर कोणता, खिडकी कोणती, हे यंत्राने वहीतून वाचून घ्यावे. सगळेच प्रोग्रॅम ही नोंद वाचत नाहीत. काहींच्या स्वतःच्या वेगळ्या रीती आहेत. संकेतस्थळे दाखवणारे ब्राउझर तर ती कधीच वाचत नसत. त्यांच्यासाठी अशाच विचाराची वेगळी नोंद नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रमाण झाली.

इथवर तंत्र झाले. आता यात पणाला काय लागते ते सांगतो.

आम्ही काही जण जिल्ह्यातले मोडी आणि उर्दू कागद जमवतो, त्यांची छायाचित्रे काढतो, वाचन करून ठेवतो. मंडळाचे स्वतःचे डोमेन आहे. नाव एका कंपनीकडे नोंदलेले, संकेतस्थळ दुसऱ्या कंपनीच्या जागेत, ईमेल तिसऱ्याकडे. हे छोट्या संस्थांचे सर्वसाधारण चित्र आहे. काही वर्षांपूर्वी संकेतस्थळ नव्याने बनवायचे काम एका व्यावसायिकाला दिले. त्याने काम छान केले, आणि जाता जाता डोमेनचे नेमसर्व्हर बदलून आपल्या सोयीच्या ठिकाणी नेले. नेमसर्व्हर म्हणजे वही ठेवणारा. वहीवाला बदलला की जुनी वही आपोआप मागे येत नाही. नव्या वहीत जेवढे कोणी लिहील तेवढेच खरे. त्याने संकेतस्थळाचा मुक्काम लिहिला. पोस्ट लिहिले नाही. सेवा नोंदीही लिहिल्या नाहीत.

बाहेरून सगळे लखलखीत होते. संकेतस्थळ उघडत होते. पण एमएक्स नसल्याने वर सांगितलेले कलम लागू झाले: ईमेल संकेतस्थळाच्या संगणकाकडे जाऊ लागली आणि तो ‘असे कोणी इथे राहत नाही’ म्हणून परत पाठवू लागला. आम्हाला काहीच कळेना, कारण न आलेले पत्र दिसत नाही. एका नव्या सदस्याच्या मोबाइलला सामायिक दिनदर्शिका सापडेना, म्हणून त्याने फोन केला, आणि त्या धाग्यावरून मी वहीपर्यंत गेलो. हरवलेल्या सेवा नोंदीने हरवलेल्या पोस्टाचा पत्ता दिला. तोवर अकरा दिवस गेले होते. त्या अकरा दिवसांत परतूर तालुक्यातल्या एका कुटुंबाने आम्हाला लिहिले होते. जुना वाडा पाडायचा होता, दोन रुमाल मोडी कागद होते, हवे असल्यास घेऊन जा. त्यांचे पत्र परत गेले. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली आणि कागद रद्दीत दिले. मला हे नंतर तिऱ्हाइताकडून कळले. त्या रुमालांत काय होते हे आता कोणी सांगू शकणार नाही.

जुनी वही मिळवली ती अशी. जुन्या वहीवाल्याचे नाव वार्षिक नूतनीकरणाच्या एका जुन्या पावतीसोबतच्या ईमेलमध्ये होते, आणि त्याने आमचे पान अजून फाडले नव्हते. जगाने त्याला विचारणे थांबवले होते, पण थेट विचारले तर तो उत्तर देत होता. विंडोजच्या कोणत्याही संगणकावर ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा असते. तिला नोंदीचा प्रकार, नाव आणि कोणाला विचारायचे ते सांगता येते. एकेक नोंद विचारून मी कागदावर उतरवली आणि नव्या वहीत भरली.

त्या कामातून हाती आलेला क्रम इथे देतो, कारण तो कोणत्याही संस्थेला उपयोगी पडेल.

नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या वहीतली प्रत्येक ओळ उतरवून घ्यावी. सेवा नोंदी विशेष जपाव्यात, कारण सेवेचे पूर्ण नाव माहीत असल्याशिवाय त्या बाहेरून विचारता येत नाहीत. मुक्काम कोणीही शोधून काढेल. खिडक्यांची यादी मात्र ज्याने लिहिली त्यालाच ठाऊक असते.

बदलाच्या एक-दोन दिवस आधी नोंदींची मुदत कमी करावी: ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस असेल, तर ३०० करावी. कारण जगभरचे संगणक जुने उत्तर मुदत संपेपर्यंत जपून ठेवतात. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आदल्या दिवशीपर्यंत परतूर परभणी जिल्ह्यात होते आणि अंबड, भोकरदन औरंगाबादेत. घर तेच, गल्ली तीच, पण लोकांच्या पत्तावह्यांतला जिल्हा एका रात्रीत बदलला नसणार. डीएनएसमध्ये निदान ही मुदत आपल्या हाती असते. ‘अशी नोंद नाही’ हे उत्तरही काही काळ लक्षात ठेवले जाते. म्हणून नोंद भरण्याआधीच पुन्हा पुन्हा विचारत बसू नये; नकार साठून राहतो.

होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमध्ये सेवा, पद्धत, नाव, प्राधान्य, वजन, पोर्ट, ठिकाण असे वेगळे रकाने असतात. काही पॅनेल अंडरस्कोर स्वतः लावतात, काही लावत नाहीत. काही पॅनेल नावापुढे आपले डोमेन स्वतःहून जोडतात. मग ठिकाणाच्या शेवटी टिंब दिले नाही, तर ‘टपाल.उदाहरण.भारत.उदाहरण.भारत’ असे दुपदरी नाव तयार होते आणि ते कुठेच पोहोचत नाही. न लिहिल्या जाणाऱ्या टिंबाचा त्रास तो हाच. म्हणून नोंद भरली की पॅनेलवर विश्वासून न राहता बाहेरून विचारून पाहावी.

देवनागरी नाव घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्र नोंदणीला खुले आहे आणि त्यात मराठी नावे घेता येतात. पण वहीत देवनागरी अक्षरे जशीच्या तशी ठेवलेली नसतात. २००३ मध्ये ठरलेल्या ‘प्युनिकोड’ रीतीने त्यांचे रोमन अक्षर-अंकांत रूपांतर होते. ‘भारत’ हे वहीत ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे, ‘एच २ बी आर जे ९ सी’ असे नाव धारण करते. सेवा नोंद भरताना पॅनेलने देवनागरी नाकारले तर हे रूपांतरित रूप लिहावे. मोडी वाचणाऱ्याला यात नवल वाटू नये. एकच भाषा दोन लिप्यांत नांदू शकते. फक्त दोन्हींतला सांधा नीट लिहून ठेवावा लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मालकीबद्दल. डोमेन नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. ते संस्थेच्या नावावर नोंदलेले असावे, संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नव्हे. नोंदणीसाठी दिलेला ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले तर सुटकेचे पत्रही त्याच बंद दारात येऊन पडेल. परवलीचे शब्द दोन जबाबदार माणसांकडे असावेत. वहीतल्या सगळ्या नोंदींची छापील प्रत संस्थेच्या दप्तरात, आवक-जावक रजिस्टरच्या शेजारी असावी आणि दर बदलानंतर तारीख घालून नवी करावी.

फुकटच्या ईमेल पत्त्यावर काम भागत असताना हा उपद्व्याप कशाला, असे मला विचारले जाते. फुकटच्या पत्त्यात मुक्काम, पोस्ट आणि खिडकी तिन्ही दुसऱ्याची असतात. त्याने दार लावले की छापलेल्या प्रत्येक पुस्तकावरचा पत्ता खोटा ठरतो. स्वतःच्या नावाखाली मात्र घर बदलता येते, टपालवाला बदलता येतो, खिडकी या इमारतीतून त्या इमारतीत नेता येते, आणि वाचकाच्या हातातला पत्ता तोच राहतो. सेवा नोंद ही त्या स्वातंत्र्याची सर्वांत बारीक ओळ आहे. ती कोणी लिहिली, कुठे लिहिली आणि तिची नक्कल कोणत्या कपाटात आहे, एवढे तीन प्रश्न आपल्या वाचनालयाच्या किंवा मंडळाच्या पुढच्या बैठकीत विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर सभेच्या इतिवृत्तात तेच पहिले काम म्हणून नोंदवावे.